स्पेकबूम: बारीक पानांच्या जेडची लागवड आणि निगा

नर्सरीत 'जेड' मागितले की दोन निराळी झाडे समोर येऊ शकतात. एकाची पाने मोठी आणि मांसल असतात, खोड जाड व हिरवट-करडे असते आणि वाढ संथ असते. हे क्रॅसुला ओव्हाटा. दुसऱ्याची पाने नखाएवढी, गोलसर, तुकतुकीत असून फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. फांद्या तांबूस-तपकिरी असतात आणि कोवळ्या असताना झुकतात. हे दुसरे झाड म्हणजे पोर्च्युलाकेरिया आफ्रा, ज्याला त्याच्या मायभूमीत स्पेकबूम म्हणतात. दोन्ही झाडे दक्षिण आफ्रिकेतली असली तरी त्यांची कुळे वेगळी आहेत आणि स्वभावही वेगळे आहेत. हा लेख स्पेकबूमविषयी आहे. छाटणी सोसण्याची ताकद, उन्हाची आवड आणि दाट झुडूप होण्याची सहज प्रवृत्ती या तीन गोष्टींत ते क्रॅसुलाच्या पुष्कळ पुढे आहे, आणि आपल्या गच्च्यांवर ज्या कुंड्यांना 'बारीक पानांचे जेड' म्हणतात त्या बहुतेक याच झाडाच्या असतात. घरात कुत्रे किंवा मांजर असेल तर हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण क्रॅसुलाची पाने त्यांना बाधतात. स्पेकबूमची पाने मात्र त्याच्या देशात जनावरेच नव्हे तर माणसेही खातात.

एखादे झाड नीट वाढवायचे असेल तर ते मुळात कुठे आणि कसे जगते हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. स्पेकबूमचा खरा बालेकिल्ला म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत आणि त्याला लागून असलेला 'लिटल करू' नावाच्या कोरड्या प्रदेशाचा भाग, जरी ते पुढे क्वाझुलू-नाताळ, लिंपोपो, एस्वातिनी आणि मोझांबिकपर्यंतही आढळते. तिथल्या कोरड्या नदीखोऱ्यांत, दगडगोट्यांनी भरलेल्या उतारांवर, काटेरी झुडपांच्या दाट जाळीत हे झाड अडीच ते साडेचार मीटर उंच वाढते. या खोऱ्यांत वर्षाला साधारण 250 ते 400 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही आपल्यासारखा एका हंगामात कोसळत नाही; वर्षभरात केव्हाही थोडाथोडा येतो आणि मध्ये कोरडे आठवडे जातात. आता शेजारी आपले आकडे ठेवून पाहावेत. पुण्यात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. रत्नागिरीत तो 3000 मिलिमीटरच्या वर जातो. या झाडाच्या निगराणीत महाराष्ट्रात जे काही चुकते त्याचे मूळ या आकड्यांतच आहे. आपल्याकडे स्पेकबूम उन्हाने मरत नाही, पाण्यावाचूनही सहसा मरत नाही. मुळांशी साचून राहिलेल्या ओलाव्याने मरते. माती, कुंडी, पाणी, जागा यांविषयीचा प्रत्येक निर्णय ही एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा.

याचा अर्थ झाडाला कायम तहानलेले ठेवावे असा मात्र नाही, आणि इथे या झाडाची एक विलक्षण खुबी समजून घेतली पाहिजे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्या उघड्या रंध्रांतून त्यांचे पाणीही उडून जाते. निवडुंगासारख्या वाळवंटी वनस्पती रंध्रे रात्री उघडतात, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरतात. स्पेकबूमला या दोन्ही रीती साधतात. पाणी मुबलक असेल तेव्हा ते साध्या झाडासारखे जोमाने वाढते आणि उन्हाचा ताण वाढला, माती कोरडी पडली की रात्रीच्या रीतीकडे वळते. हे आपल्याला जिभेवर पडताळून पाहता येते. ऐन उन्हाळ्यात, कुंडी काही दिवस कोरडी असताना, पहाटे एक पान तोडून चावावे, ते चांगलेच आंबट लागते. त्याच फांदीचे पान संध्याकाळी चावले तर आंबटपणा बराच उतरलेला असतो, कारण रात्रभर साठलेले आम्ल दिवसभरात वापरले गेलेले असते. ज्यांनी घोळीची भाजी खाल्ली आहे त्यांना ही चव ओळखीची वाटेल. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ स्पेकबूमला घोळीच्याच कुळात धरत असत. आता ते मादागास्करमधल्या काटेरी झाडांच्या डिडिएरेसी कुळात मोडते. अर्थात चवीसाठी तोडलेले पान आपल्या घरच्या, कीटकनाशक न मारलेल्या झाडाचेच असावे. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाचे पान तोंडात घालू नये.

या दुहेरी स्वभावामुळे लागवडीचे सूत्र असे ठरते की वाढीच्या काळात भरपूर पाणी द्यावे, पण प्रत्येक पाण्यानंतर माती झपाट्याने कोरडी झाली पाहिजे. निवडुंग समजून महिना-महिना कोरडे ठेवलेले झाड जगते, पण वाढत नाही. रोज तांब्याभर पाणी मिळणारे झाड पहिल्या पावसाळ्यातच सडते.

झाड विकत घेताना

उंचीपेक्षा बुंधा पाहावा. जमिनीलगतचे खोड बोटांनी हलके दाबल्यावर टणक लागले पाहिजे. तिथे मऊपणा किंवा काळपट डाग असेल तर झाड कितीही टवटवीत दिसत असले तरी घेऊ नये. पानांच्या दोन जोड्यांमधले अंतर कमी असलेले झाड चांगल्या उजेडात वाढलेले असते. लांबलांब, फिकट, लोंबणाऱ्या फांद्या हे सावलीत ठेवल्याचे लक्षण आहे, पण तो दोष छाटणीने आणि उन्हाने भरून निघतो, त्यामुळे तेवढ्यासाठी झाड नाकारण्याचे कारण नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे आणि असे झाड घरच्या इतर कुंड्यांना कीड देते. पिवळ्या-पांढऱ्या कडांचे, रंगीत पानांचे प्रकारही मिळतात. ते सुंदर दिसतात, पण पानात हरितद्रव्य कमी असल्याने हळू वाढतात आणि दुपारच्या कडक उन्हात त्यांच्या कडा करपतात. पहिले झाड घेणाऱ्याने साध्या हिरव्या पानांचेच घ्यावे.

माती आणि कुंडी

नर्सरीतले झाड बहुधा चिकट लाल मातीच्या गोळ्यात बांधलेले असते. वाहतुकीत गोळा फुटू नये यासाठी ती माती सोयीची असते, मात्र स्पेकबूमच्या बारीक, उथळ मुळांना ती घातक आहे. पहिल्या पावसात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कडक होऊन पाणी आत घेतच नाही. वरून दिलेले पाणी कुंडीच्या कडेने निसटून जाते आणि गोळ्याचा गाभा कोरडाच राहतो. त्यामुळे आणलेले झाड दोन आठवडे जागेवर रुळू द्यावे आणि मग, दिवस पावसाळ्याचे नसतील तर, कुंडी बदलावी. गोळा सुकलेला असताना बाहेर काढून काडीने हळूहळू मोकळा करावा आणि निम्मी तरी जुनी माती काढून टाकावी. काही मुळे तुटतील. त्याची चिंता नको, फक्त तुटलेली मुळे नव्या मातीत लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी देऊ नये. बहुतेक झाडांना कुंडी बदलल्याबरोबर पाणी द्यावे लागते, इथे नेमके उलटे करायचे असते, कारण ओल्या मातीत उघड्या जखमांतून बुरशी शिरते.

नवी माती स्वतः तयार करावी. एक भाग साधी बागेची माती किंवा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन भाग भरड, पाणी न धरणारा माल, हे प्रमाण दख्खनच्या हवेला चांगले लागू पडते. भरड माल म्हणून पर्लाइट विकत आणण्याची गरज नाही. विटांचा चुरा, चाळलेला मुरूम किंवा क्रशरची बारीक खडी यांतले जे जवळ मिळेल ते घ्यावे. महत्त्वाचे आहे ते चाळणे: आधी बारीक चाळणीने धूळ काढून टाकावी, मग मोठ्या चाळणीने हरभऱ्यापेक्षा मोठे तुकडे वेगळे करावेत आणि मधला माल वापरावा. न चाळलेल्या मुरमातली किंवा विटेतली पूड मातीच्या पोकळ्या बुजवते आणि सगळा खटाटोप व्यर्थ जातो. कोकणात आणि मुंबईत हा भरड भाग तीनपर्यंत वाढवावा. विदर्भ-मराठवाड्यात दीड ठेवला तरी चालतो. काळी कपाशीची माती मात्र कुंडीत मुळीच घेऊ नये. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर जमिनीतल्या किडीला काहीसा आळा बसतो. मिश्रण बरोबर झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे: कुंडी भरून वर पाणी ओतावे, ते पृष्ठभागावर थांबून न राहता लगेच आत उतरले आणि थोड्याच वेळात खालच्या भोकातून वाहू लागले पाहिजे.

कुंडी मातीची, रुंद आणि उथळ असावी. भाजलेल्या मातीच्या भिंतीतून ओलावा बाहेर पडतो, प्लास्टिकमध्ये तो अडकतो. झाडापेक्षा फार मोठी कुंडी घेऊ नये, कारण जिथे मुळे पोचलेली नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते. कुंडीच्या तळाशी दगड किंवा खापऱ्यांचा जाड थर घालण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ती सोडून द्यावी असे मी आवर्जून सांगेन. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून चिंब झाल्यावरच ते थेंबाथेंबाने खाली जाते. म्हणजे दगडांचा थर निचरा सुधारत नाही, उलट चिखलाचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ आणतो. भोकांवर प्लास्टिकच्या जाळीचा एक तुकडा ठेवावा, माती वाहून जाणार नाही एवढेच त्याचे काम, आणि वर थेट तयार केलेले मिश्रण भरावे. कुंडीखाली बशी ठेवलीच तर तिच्यात पाणी साचू देऊ नये. त्यापेक्षा कुंडी दोन विटांवर ठेवावी.

ऊन आणि पाणी

स्पेकबूमला दिवसातून किमान चार-पाच तास थेट ऊन हवे. पूर्ण दिवसाचे ऊन मिळाले तर पाने लहान, दाट होतात आणि त्यांच्या कडांवर तांबूस छटा येते. खोलीच्या आतल्या टेबलावर हे झाड काही महिने तग धरते, पण फांद्या उजेडाकडे ताणत जातात, पाने विरळ होतात आणि रंध्रांतून पाणी कमी उडत असल्याने मातीही लवकर सुकत नाही, त्यामुळे सडण्याचा धोका वाढतो. घरात ठेवायचेच असेल तर दक्षिण किंवा पश्चिम दिशेच्या खिडकीत, काचेला लागून ठेवावे. एक-दोन कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते या जाहिरातीवर विसंबून कोणी ते अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये. त्याने हवेत फरक पडत नाही, झाड मात्र खंगते.

नर्सरीतले झाड हिरव्या जाळीखाली वाढलेले असते. ते आणल्या दिवशीच एप्रिलच्या उन्हात ठेवले तर पानांवर पांढरट, कोरडे चट्टे पडतात, जे पुन्हा हिरवे होत नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचे ऊन द्यावे आणि पुढच्या पंधरवड्यात वेळ वाढवत न्यावी. एकदा सवय झाली की पुणे-नाशिकच्या उन्हाळ्याचे त्याला काही वाटत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तिथे त्रास पानांना कमी आणि मुळांना जास्त होतो, कारण तापलेल्या स्लॅबवरच्या कुंडीतली माती भाजून निघते. तिथे कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि दुपारी एकनंतर सावली मिळेल अशी जागा द्यावी. थंडीची भीती आपल्याला जवळजवळ नाही. दवबिंदू गोठण्याइतकी थंडी पडते तिथे, म्हणजे निफाडच्या परिसरात किंवा महाबळेश्वरी क्वचित येणाऱ्या रात्री, कुंडी छपराखाली घेतली की पुरे.

पाण्याचे वेळापत्रक मागणाऱ्यांना आकडा सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण एकाच गच्चीवर उन्हातली मातीची कुंडी तीन दिवसांत सुकते आणि सावलीतली प्लास्टिकची दहा दिवस ओली राहते. खराट्याची एक काडी कुंडीत कडेने तळापर्यंत खुपसून ठेवावी आणि पाणी देण्याआधी उपसून पाहावी. टोकाला ओलसर माती चिकटून आली तर थांबावे. काडी कोरडी निघाली तर पाणी द्यावे, आणि द्यायचे तेव्हा भोकातून वाहेपर्यंत द्यावे. थोडेथोडे शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटांतच राहते आणि मुळे खाली जायचे सोडून वरवर पसरतात. झाड स्वतःही सांगते: तहानलेल्या झाडाची पाने पातळ होतात, त्यांवर बारीक सुरकुत्या येतात आणि बोटात धरल्यास सहज वाकतात. अशा झाडाला पाणी दिले की एक-दोन दिवसांत पाने पुन्हा टरारतात. पाणी देऊनही सुरकुत्या तशाच राहिल्या तर दुसऱ्यांदा पाणी मुळीच देऊ नये. मुळे सडून गेल्याने झाडाला पाणी उचलता येत नसते, आणि बहुतेक झाडे याच टप्प्यावर, काळजीपोटी दिलेल्या जास्तीच्या पाण्याने हातची जातात.

पावसाळ्याचे चार महिने

वर्षभराची निगा एका बाजूला आणि जून ते सप्टेंबर एका बाजूला, असे या झाडाचे गणित आहे. पूर्वतयारी मे महिन्यातच करावी. भोके बुजलेली नाहीत ना हे प्रत्येक कुंडी उचलून पाहावे, बुंध्याभोवतीचा पालापाचोळा काढावा, आतल्या बाजूला गर्दी करणाऱ्या बारीक फांद्या विरळ कराव्यात म्हणजे पावसानंतर झाड वाऱ्याने लवकर सुकते. खत मे अखेरपासून बंद करावे. पावसाळ्यात खताने आलेली लुसलुशीत वाढ सर्वांत आधी सडते.

देशावरच्या बऱ्याच भागांत, माती वर सांगितल्यासारखी भरड असेल तर, उघड्या गच्चीवरही स्पेकबूम पावसाळा काढते, किंबहुना दोन सरींमध्ये ऊन पडत असेल तर याच काळात जोमाने वाढते. भीती असते ती सलग आठवडाभर लागलेल्या झडीची. कुंड्या मोजक्या असतील तर अशा वेळी त्या वळचणीला किंवा बाल्कनीत घ्याव्यात. कुंडी हलवणे शक्य नसेल तर ती एका बाजूला कलती करून, कडेखाली वीट देऊन ठेवावी. पावसाचे बरेचसे पाणी आत न शिरता कडेवरून निघून जाते आणि भोकही मोकळे राहते. कोकण, मुंबई, गोवा आणि घाटमाथ्यावर मात्र या युक्त्यांवर भरवसा ठेवू नये. तिथे पारदर्शक छताखालचीच जागा द्यावी, जिथे उजेड पोचतो आणि वारा खेळतो, पण पाऊस पोचत नाही. बाजू बंद करून प्लास्टिक गुंडाळणे हा उपाय नव्हे. आतली दमट, कोंदट हवा पावसापेक्षा वाईट असते. छताखाली आणलेल्या झाडाला पाणी लागते हेही विसरू नये, फक्त हवा दमट असल्याने काडीची परीक्षा अधिक काटेकोरपणे करावी.

सड लागल्याची पहिली खूण म्हणजे भरलेली, न सुरकुतलेली पाने हात लागताच गळणे. मग खालची पाने पिवळी पडतात आणि बुंधा मऊ होऊ लागतो. या अवस्थेत औषध ओतत बसू नये. धारदार चाकू स्पिरिटने पुसून सडलेल्या भागाच्या वर काप घ्यावा आणि छेदाकडे नीट पाहावे. निरोगी फांदीचा छेद सर्वत्र हिरवट-पांढरा, ओलसर आणि घट्ट असतो. त्यात तपकिरी कडे किंवा सुईच्या टोकाएवढे जरी तपकिरी ठिपके दिसले तरी रोग अजून वर चढलेला आहे असे समजून आणखी बोटभर वर कापावे आणि दर कापाआधी चाकू पुन्हा पुसावा. पूर्ण स्वच्छ छेद मिळेपर्यंत हे करत राहावे, मग हाती चार बोटांची फांदी उरली तरी चालेल. ती फांदी सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर सुकवून नव्याने लावता येते. छेदावर हळद किंवा कोळशाची पूड लावण्याची पद्धत आहे. त्याला माझी हरकत नाही, पण फांदी वाचते ती सुकवण्याने. जुनी माती फेकून द्यावी आणि कुंडी घासून उन्हात तापवून मगच पुन्हा वापरावी.

फांद्यांपासून नवी झाडे

स्पेकबूमचे बी आपल्याकडे मिळत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण कुंडीत त्याला फुले क्वचितच येतात. मायदेशी जुन्या झाडांवर फिकट गुलाबी, चांदणीच्या आकाराची बारीक फुले लगडतात. अभिवृद्धी फांदीनेच करावी. फेब्रुवारी-मार्च आणि पाऊस संपल्यावरचा ऑक्टोबर हे दोन काळ उत्तम. तळहाताएवढी लांब, पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली फांदी घ्यावी. शेंड्याची अगदी हिरवी, कोवळी फांदी कुजण्याचा संभव अधिक असतो. खालच्या तिसऱ्या भागातली पाने काढावीत आणि फांदी वर्तमानपत्रावर सावलीत चार ते सात दिवस ठेवावी. कापलेल्या जागी कोरडी, किंचित आत ओढलेली खपली धरली की ती लावण्याजोगी झाली. या दिवसांत पाने थोडी सुकतात, ते पाहून घाई करू नये. पानांत साठलेल्या पाण्यावर फांदी आठवडे काढू शकते.

लावताना वरचेच मिश्रण, पण खत जवळजवळ वगळून, घ्यावे. दोन-तीन बोटे खोल खोचून माती दाबावी आणि फांदी हलत असेल तर काडीचा आधार द्यावा, कारण हलणाऱ्या फांदीची नवी मुळे तुटतात. पहिले पाणी चार-पाच दिवसांनी द्यावे. तिरप्या उन्हाची, उजेडाची जागा असेल तर तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. उपटून पाहण्याचा मोह टाळावा. शेंड्याला नवी, चकचकीत पानांची जोडी फुटली म्हणजे खाली मुळे आली. एकेका पानापासूनही मूळ फुटू शकते, पण पानफुटीसारखे झटपट रोप त्यातून मिळत नाही, आणि फांद्या इतक्या सहज लागत असताना त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

छाटणी

हत्ती आणि स्पेकबूम यांचे नाते छाटणी शिकवते. ईस्टर्न केपमधल्या, 1931 साली स्थापन झालेल्या ॲडो एलिफंट नॅशनल पार्कमध्ये हत्तींच्या आहारात या झाडाचा मोठा वाटा असतो. हत्ती वरून खातो. शेंडे मोडतो, फांद्या ओढतो, आणि जमिनीवर टेकलेल्या खालच्या फांद्या तशाच राहतात. त्या टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटतात, झाडाभोवती घेर तयार होतो आणि तोडून खाल्लेले झाड उलट पसरत जाते. याच प्रदेशात माणसांनी शेळ्या पाळायला सुरुवात केली, विशेषतः मोहेर लोकरीच्या अंगोरा शेळ्या, तेव्हा चित्र पालटले. शेळी खालून खाते. घेर नाहीसा होतो, बुंध्याभोवतीची जमीन उघडी पडून तापते आणि झाड छत्रीसारखे उभे राहून शेवटी मरते. अशा रीतीने दहा लाख हेक्टरांहून अधिक झुडपी रान उजाड झाले आहे.

कुंडीतल्या झाडाला हत्तीची छाटणी मानवते. शेंडे वरून खुडावेत. प्रत्येक कापाखाली पानांच्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात, त्या चार जोड्या पाने वाढल्या की पुन्हा दोन जोड्यांवर खुडाव्यात, आणि दोन हंगामांत झाड दाट होते. बॉन्साय करणाऱ्यांना हे झाड याच कारणाने आवडते. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की याच्या फांद्या पाण्याने भरलेल्या आणि ठिसूळ असतात, तारेने वाकवताना कडकन मोडतात. तार घालायचीच असेल तर आधी झाड काही दिवस कोरडे ठेवून फांद्या मऊ होऊ द्याव्यात, तार सैल गुंडाळावी आणि सालीत रुतण्यापूर्वी काढावी. माझ्या मते कात्रीनेच आकार द्यावा. मोठी छाटणी पावसाळ्यात करू नये आणि इतर वेळी केल्यावर जखमा सुकेपर्यंत पाणी थांबवावे. दर दोन-तीन वर्षांनी, फेब्रुवारीत, कुंडी रिकामी करून मुळांचा बाहेरचा एक थर कापावा आणि ताज्या मातीत पुन्हा लावावे. खत म्हणून फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात प्रत्येकी एक मूठ गांडूळखत पुरते. युरियासारखे नत्रयुक्त खत दिले तर फांद्या लांबट, पोकळ आणि किडीला बळी पडणाऱ्या होतात.

किडींत खरा त्रास पिठ्या ढेकणाचाच. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की बेचके तपासावेत, कारण मुंग्या या किडीला गोड स्रावासाठी जपतात आणि एका फांदीवरून दुसरीवर पसरवतात. थोडी कीड असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक पुंजका पुसावा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब घोटून संध्याकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. भर उन्हात फवारल्यास तेलकट पाने भाजतात. पावसाळ्यात रात्री गोगलगाई कोवळे शेंडे कुरतडतात, त्या टॉर्च घेऊन वेचून काढाव्यात.

जमिनीत लावायचे असेल तर

अहिल्यानगर, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, मराठवाडा अशा कमी पावसाच्या पट्ट्यांत स्पेकबूम कुंपण म्हणून जमिनीतही लावता येते. दक्षिण आफ्रिकेत 2004 पासून सरकारी कार्यक्रमाखाली उजाड रानात त्याची पुनर्लागवड चालू आहे आणि तिथे मुळे न फुटलेल्या फांद्याच थेट जमिनीत खोचतात. काही ठिकाणी ती लागवड छान धरली, काही ठिकाणी पार फसली. थंडीने गोठणाऱ्या सखल जागा आणि जनावरांची चराई ही फसण्यामागची मोठी कारणे होती. पहिले कारण आपल्याला लागू नाही, दुसरे पुरेपूर लागू आहे. आंबट पाला शेळ्यांना अतिशय आवडतो, त्यामुळे गावात जिथे शेळ्या मोकळ्या फिरतात तिथे पहिली दोन वर्षे जाळी किंवा काटेरी फांद्यांचे कुंपण अटळ आहे.

जागा उताराची, मुरमाड निवडावी. काळ्या जमिनीत लावायचे झाल्यास गुडघाभर उंचीचा मुरूम-मातीचा वरंबा घालून त्याच्या माथ्यावर लावावे, कारण काळी माती पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओल सोडत नाही. हातभर लांबीच्या जाड फांद्या आठ-दहा दिवस सुकवून, दोन फांद्यांत 30 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवून, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावाव्यात, म्हणजे परतीच्या पावसाची ओल मिळते आणि पुढच्या पावसाळ्याआधी मुळांना आठ महिने सापडतात. पहिल्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, नंतर फक्त पाने सुरकुतल्यावर. रांग गुडघ्याएवढी झाली की शेंडे एका पातळीत कापावेत, जमिनीला टेकणाऱ्या फांद्यांना मात्र हात लावू नये, आणि कापलेले शेंडे सुकवून रांगेत जिथे जिथे खंड पडला असेल तिथे खोचत जावे.